रोजच्या वापरातल्या स्पोर्ट्स कारला सस्पेन्शन निवडताना: नाशिकच्या रस्त्यांचा हिशेब धरून

सस्पेन्शन बदलायचं म्हटलं की मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती बसेल?" म्हणजे टायर आणि मडगार्डमधली ती रिकामी जागा किती भरेल. खाली बसलेली गाडी फोटोत छान दिसते, त्याबद्दल वाद नाही. पण तीच गाडी घेऊन सोमवारी सकाळी अंबडला नाहीतर सातपूरला कामावर जायचं, संध्याकाळच्या गर्दीत गंगापूर रोडने घरी यायचं आणि रविवारी सापुताऱ्याच्या घाटात मजा करायची, तर प्रश्न वेगळा विचारायला हवा: चाकाला वर जायला किती जागा उरेल? खड्डा, गतिरोधक, वळण, मागे बसलेले आई-बाबा आणि डिकीतलं सामान, सगळे त्याच जागेतून आपापला वाटा घेतात. स्प्रिंग, शॉकअप, उंची यांतली प्रत्येक निवड म्हणजे ती जागा कुठे खर्च करायची याचा निर्णय आहे.

डोळ्यासमोर धरलेल्या गाड्या अशा: पोलो जीटी, व्हर्टस जीटी, आय२० एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस, मिनी कूपर एस, बीएमडब्ल्यू ३ सिरीज किंवा झेड४, फार तर मस्टंग. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण निवडीचा क्रम सगळ्यांना तोच.

आधी आहे ते तपासा

शॉकअप एका दिवसात खराब होत नाहीत. इतके हळूहळू थकतात की चालवणाऱ्याला सवय होऊन जाते. मग एक दिवस वाटतं, गाडीत पूर्वीची मजा राहिली नाही, काहीतरी भारी टाकू. भारी कोइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) टाकून "काय फरक पडला राव!" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नवे ओरिजिनल शॉकअप टाकूनही तेवढंच बरं वाटलं असतं.

म्हणून गाडी लिफ्टवर घ्या. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसटसा ओलावा दिसला तर घाबरायचं कारण नाही. तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो संपला. टायरवरून तळहात फिरवा. रबर गोल फिरताना उंच-सखल लागलं, ठिकठिकाणी वाटी पडल्यासारखं, तर चाक रस्त्यावर नाचतंय. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश म्हणजे सांध्यातले रबर, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि वरचं स्ट्रट माउंट (पुढचा शॉकअप वर जिथे गाडीला जोडतो ते) बघा. स्टेअरिंग जागेवर फिरवताना पुढून 'टुंग' असा स्प्रिंगचा आवाज आला, तर बहुधा स्ट्रट माउंटचं बेअरिंग गेलेलं असतं. हे सगळं तसंच ठेवून वर महागडे शॉकअप बसवले तर आवाज आणि ढिलेपणा दोन्ही कायम राहतात.

दुसरी फुकटातली गोष्ट टायर. हवा दरवाज्याच्या कडेवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये भरलेली आहे का? शोरूमनंतर कुणी १८ इंची अलॉय चढवलेत का? २२५/४० आर१८ टायरची बाजूची भिंत ९० मिलिमीटर असते, २०५/५५ आर१६ ची जवळजवळ ११३. दोघांचा बाहेरचा व्यास साधारण सारखाच, पण खड्ड्याच्या कडेशी पहिली टक्कर घ्यायला दुसऱ्याकडे २३ मिलिमीटर जास्त रबर आहे. ब्रेक कॅलिपर आत बसत असेल तर एक इंच लहान रिम हा नाशिकमधला सगळ्यात स्वस्त 'सस्पेन्शन अपग्रेड' आहे. हे कुणाला आवडत नाही, मला माहीत आहे.

आठवड्याचा रस्ता कागदावर मांडा

मनातला रस्ता नेहमी घाटातला असतो, मीटरवरचा रस्ता शहरातला. म्हणून एका आठवड्याचे किलोमीटर खरोखर लिहून काढा: शहर किती, महामार्ग किती, समृद्धी किती, घाट किती.

शहरातला भाग सगळ्यात कठीण. २०२७ च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी खोदकाम सुरू आहे. आज गुळगुळीत असलेला पट्टा महिन्याभराने चर बुजवलेला असू शकतो. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली किंवा वर राहिलेली चेंबरची झाकणं हा कायमचा आजार. आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तसा असेल तर बहुतेक गाड्या न घासता जातात. पण कॉलनीतल्या मंडळींनी रातोरात केलेला हातभर रुंदीचा उंचवटा कुठल्याच मापात बसत नाही, आणि गाडीचं पोट तिथेच लागतं. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक आणि सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प, या दोन ठिकाणी टेप घेऊन जा. गाडीत चार जण बसवून तिथून जाताना आत्ता किती जागा उरते ते बघा. दोन बोटं उरत असतील तर खाली बसवण्याचा विषय तिथेच संपला.

मुंबई-आग्रा महामार्गावरचा शहरातला उड्डाणपूल आणि समृद्धी ही वेगळी परीक्षा आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईला जाणारे बरेच नाशिककर कसारा घाट टाळून तिकडून जातात. काँक्रीटच्या रस्त्यात आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी १२० किलोमीटरने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे सांधे जाणवण्याइतके उघडे असतील तर सेकंदाला सातेक टिचक्या. इतक्या जलद टिचक्यांना गाडीचं अंग वर-खाली होत नाही. त्या टायर, बुश आणि शॉकअपच्या झडपा पचवतात किंवा सरळ तुमच्या पाठीत पाठवतात. शहरात 'चालतंय' वाटलेला स्वस्त कडक सेट समृद्धीवर दीड तासात नको करतो, तो यामुळे.

मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका

सपाट जमिनीवर, अर्धी टाकी भरलेली असताना, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण टायर बदलला की तो आकडा बदलतो.

मग वजन. औद्योगिक वसाहतीत ट्रकचे वजनकाटे आहेत, तिथे आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. काटेवाला जरा विचित्र नजरेने बघेल, पण पावती देईल. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागचं मिळतं.

तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला लागतो दोन रुपयांचा प्लास्टिकचा झिप टाय. शॉकअपवरचं धुळीचं रबरी बूट वर सरकवा, चमकणाऱ्या रॉडवर टाय आवळा (सरकेल इतपतच), तो खाली ढकलून शॉकअपच्या नळीवर टेकवा. आता नेहमीच्या रस्त्यावरून, नेहमीच्या माणसांसह, नेहमीच्या वेगाने फिरून या. खड्ड्यात नळी वर येते, टायला ढकलते आणि परत खाली जाते. टाय मात्र जिथवर ढकलला गेला तिथेच राहतो. नळीपासून टायपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या रस्त्याने वापरलेली जागा. टायपासून बंप स्टॉपपर्यंतचं (रॉडच्या वरच्या टोकाला असलेल्या, शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतचं) अंतर म्हणजे शिल्लक. टाय बंप स्टॉपला जाऊन चिकटला असेल तर आहे त्या उंचीवरच गाडी तळ गाठते आहे. अशा गाडीला ३० मिलिमीटर खाली आणणारी स्प्रिंग विकणारा दुकानदार तुमचा मित्र नव्हे.

स्प्रिंग: किलो ऐकून भुलू नका

"पुढे सहा किलो, मागे चार किलो" अशी भाषा दुकानात ऐकू येते. सहा किलो म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला सहा किलो भार, म्हणजेच सुमारे ५९ न्यूटन. पण हा नुसता आकडा दोन गाड्यांमध्ये तुलनेला उपयोगी नाही, कारण गाडीचं वजन वेगळं आणि स्प्रिंग चाकापासून किती आत बसली आहे तेही वेगळं. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असतात तिथे, स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. मागे स्प्रिंग आत, आर्मच्या मध्यावर असेल तर चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग सहा-सातच दाबली जाते. चाकाला जाणवणारा ताठपणा म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा गुणिले या प्रमाणाचा वर्ग. प्रमाण ०.६५ असेल तर वर्ग ०.४२, म्हणजे मागच्या ८० न्यूटनच्या स्प्रिंगचे चाकापाशी ३४ च उरतात. मागची स्प्रिंग आकड्याने मोठी दिसते म्हणून दचकू नका.

तुलना करायची ती कंपनसंख्येची, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होते त्याची. चाकापाशी आलेला ताठपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या, त्या कोपऱ्यावरच्या वजनाने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने भागा. साध्या गाड्या एक ते दीड हर्ट्झमध्ये असतात, स्पोर्ट्स गाड्या दीडच्या वर दोनपर्यंत, शर्यतीच्या त्याहून वर.

उदाहरण करून बघू. पुढच्या ॲक्सलवर ८०० किलो, म्हणजे एका चाकावर ४००. चाक, ब्रेक, हब यांचे अंदाजे ४० वजा करा, ३६० उरले. ओरिजिनल स्प्रिंग चाकापाशी २५ न्यूटनची असेल तर १.३ हर्ट्झ. २० टक्के कडक लोअरिंग स्प्रिंग टाकली तर ३० न्यूटन, १.४५ हर्ट्झ. सहा किलोचा कोइलओव्हर टाकला तर चाकापाशी ५३-५४, म्हणजे १.९ च्या पुढे. पहिली गाडी घरच्यांना चालते, दुसरी तुम्हाला आवडते आणि घरच्यांना चालवून घेता येते, तिसरीत मागे बसलेला माणूस पुढच्या वेळी रिक्षा करतो. शहरात रोज चालणाऱ्या गाडीला पुढे १.५ हर्ट्झच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. गुळगुळीत रस्त्यांच्या देशातली परीक्षणं वाचून १.९ ची गाडी 'कम्फर्टेबल' समजू नका.

पुढचं-मागचं नातंही बघा. गतिरोधकावर पुढचं चाक आधी उडतं, मागचं थोड्या वेळाने. मागची कंपनसंख्या पुढच्यापेक्षा किंचित जास्त असेल तर मागचं अंग पुढच्याला गाठतं आणि गाडी डुलण्याऐवजी सपाट उठते-बसते. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे मांडलं. विकत घ्यायच्या सेटमध्ये पुढे कडक आणि मागे मऊ असं उलटं निघालं तर शहराबाहेर पडताच गाडी घोड्यासारखी मान टाकायला लागेल.

आणि तीन गोष्टी अजिबात नकोत: कॉइल कापणं, कॉइलच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवणं, आणि तापवून स्प्रिंग बसवणं. कापलेली स्प्रिंग बैठकीतून सुटते, बफर चाकाची जागाच खातो, तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं. ॲक्सेसरीच्या दुकानात बफर "ग्राउंड क्लिअरन्स वाढवायला" म्हणून सर्रास विकतात. विकू द्या.

शॉकअप: पैसे इथे घाला

स्प्रिंग गाडी उचलून धरते, तिला आवरतो शॉकअप. बजेट तोकडं असेल तर स्प्रिंग ओरिजिनल ठेवा आणि शॉकअप चांगले घ्या; उलटं करू नका.

इथे एक घोळ नेहमी होतो. शॉकअपच्या माहितीत 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' लिहिलेलं असतं ते गाडीच्या वेगाबद्दल नसतं, रॉडच्या वेगाबद्दल असतं. वळणात गाडी कलते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, तेव्हा रॉड सावकाश सरकतो. चेंबरच्या कडेवर चाक आपटतं तेव्हा गाडी ताशी ३० ने चाललेली असली तरी रॉड गोळीसारखा आत जातो. आपल्याला हवा तो शॉकअप सावकाश हालचालीला ठाम विरोध करतो आणि झटका आला की झडप उघडून वाट देतो. तसं झालं तर गाडी घाटात बांधलेली वाटते आणि शहरात दात वाजत नाहीत. स्वस्त कोइलओव्हरचं दुखणं बहुतेक वेळा स्प्रिंगपेक्षा इथे असतं: झटक्यालाही तो तितक्याच ताकदीने अडवतो, आणि मग विरोध तुमच्या मणक्याला होतो.

कंपन्यांनी यावर वेगवेगळे उपाय काढलेत. कोनीच्या स्पेशल ॲक्टिव्हमध्ये जलद थरथरीच्या वेळी तेलाला वेगळी वाट मिळते आणि संथ हालचालीत ती बंद होते. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅकमध्ये दुहेरी झडप आहे, जी दाबताना आणि परत येताना दोन्हीकडे झटका सोडून देते. बिल्स्टाइनने मोनोट्यूब शॉकअप १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी आणला आणि आजही तीच त्यांची ओळख आहे: एकच नळी, आत तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन. मोनोट्यूब तापला तरी तेलात फेस होत नाही आणि प्रतिसाद चटकन मिळतो. पण उघड्या मोनोट्यूबच्या नळीला दगड लागून पोच पडला तर पिस्टन तिथेच अडकतो, कारण पिस्टन त्याच भिंतीवर घासत असतो. ट्विन ट्यूबला (एका नळीत दुसरी नळी असलेल्या शॉकअपला) बाहेरून थोडा पोच आला तरी आतली नळी शाबूत राहते. तो मऊ चालतो आणि सहसा स्वस्तही पडतो. त्यामुळे मोनोट्यूब म्हणजे आपोआप श्रेष्ठ असं समजू नका. मस्टंग घेऊन महिन्यातून दोनदा घाटात जाणाऱ्याने मोनोट्यूब घ्यावा, रोज नाशिक रोड ते सातपूर करणाऱ्या पोलोला चांगला ट्विन ट्यूब पुरेसा आहे.

शॉकअप स्प्रिंगला जुळलेला हवा हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. २० टक्के कडक स्प्रिंग टाकून थकलेला ओरिजिनल शॉकअप ठेवला तर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर आणखी दोनदा हलते. रिबाउंड (दाबलेला शॉकअप परत उघडताना होणारा विरोध) फार आवळला तर उलट होतं: सलग खड्ड्यांमध्ये चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी टप्प्याटप्प्याने खाली खाली बसत जाते आणि पाचव्या खड्ड्याला बंप स्टॉपवर आपटते. चालक म्हणतो स्प्रिंग मऊ आहे, अजून कडक टाकू. स्प्रिंगचा दोष नसतो.

खाली बसवण्याची खरी किंमत

खाली बसवल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, गाडी कमी कलते, इतकं सगळ्यांना माहीत असतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत दुसरी बाजू आहे. गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. दोघांमधलं अंतर वाढलं की गाडीला कलवणारा जोर वाढतो. खूप खाली बसवलेली पोलो स्प्रिंग कडक असूनही वळणात अपेक्षेइतकी सपाट राहत नाही ती यामुळे. खूण सोपी: गाडी जमिनीवर उभी असताना लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलेलं असेल तर मर्यादा ओलांडली.

आणखी एक खाच. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच युरोपीय गाड्या इथल्या रस्त्यांसाठी मुळातच थोड्या उंच केलेल्या असतात. कॅटलॉगमधली '३० मिलिमीटर खाली' ही मोजणी तिकडच्या उंचीपासून केलेली असते. इथली गाडी १५ मिलिमीटर उंच असेल तर तोच सेट तुम्हाला ४५ ने खाली आणेल. कोइलओव्हरच्या बाबतीत तर हे हमखास विचारा, कारण अनेक सेट सगळ्यात वरच्या सेटिंगलाही तिकडच्या मूळ उंचीच्या २५-३० मिलिमीटर खालीच असतात. 'ॲडजस्टेबल आहे, वर घेऊ' हे आश्वासन चुडीच्या शेवटच्या आट्यापाशी संपतं.

मग घ्यायचं काय

बहुतेक नाशिककरांसाठी माझं उत्तर कंटाळवाणं आहे: मूळ उंचीचेच, पण वरच्या दर्जाचे शॉकअप. ओरिजिनल स्प्रिंगवर बसणारा बिल्स्टाइन बी६ किंवा कोनी स्पेशल ॲक्टिव्ह, तुमच्या गाडीला जे मिळेल ते. सोबत नवे स्ट्रट माउंट, बंप स्टॉप आणि बुश. बाहेरून गाडी तशीच दिसेल, पण घाटातल्या तिसऱ्या वळणाला कळेल.

थोडी बसलेली हवीच असेल तर २०-२५ मिलिमीटरवर थांबा, आणि आखूड शॉकअपसह घ्या. बिल्स्टाइन बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठीच आखूड केलेला असतो; बी१२ म्हणजे तोच बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंग एका खोक्यात. इथे फायदा असा की स्प्रिंग आणि शॉकअप जुळवायची डोकेदुखी कुणीतरी आधीच घेतलेली असते. नुसत्या स्प्रिंग घेऊन मूळ शॉकअपवर चढवणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात वाईट मधला मार्ग.

कोइलओव्हर कुणी घ्यावा? ज्याला ट्रॅकवर जायचंय, कोपऱ्यागणिक वजन जुळवायचंय, किंवा सेटिंग करत बसण्यातच आनंद आहे त्याने. केडब्ल्यूच्या व्ही१ ला फक्त उंची बदलते, व्ही२ ला रिबाउंडही, व्ही३ ला कॉम्प्रेशन (दाबतानाचा विरोध) आणि रिबाउंड दोन्ही वेगवेगळे. ज्याला सेटिंगच्या चकतीचे क्लिक मोजायचा कंटाळा आहे त्याने व्ही३ घेऊ नये. चुकीच्या जागी ठेवलेल्या दोन चकत्या कारखान्याने ठरवलेल्या एका सेटिंगपेक्षा वाईट. एकाच क्लिकमध्ये दोन्ही बदलणारे ३० पायऱ्यांचे सेट स्वस्तात मिळतात. ते घेतले तर मऊ बाजूला ठेवून चालवा आणि स्प्रिंग किती किलोची आहे ते ऑर्डर देण्याआधी विचारा. काही विक्रेते मऊ स्प्रिंग लावून देतात.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात नाक बाहेर काढते, तेवढीच तक्रार असेल तर मागचा जाड अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा, गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बघा. सरळ गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उठतात तेव्हा तो जवळपास कामच करत नाही. एकाच चाकाखाली खड्डा आला तर मात्र गाडी जास्त डोलेल, आणि कसारा किंवा वणीच्या ओल्या घाटात मागची बाजू लवकर सुटू शकते, म्हणून सगळ्यात जाड घेऊ नका.

गाडीत कारखान्याचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील तर साधे टाकल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यासाठी वायरिंगला जोडायचं कॅन्सलेशन मॉड्यूल किंवा इलेक्ट्रॉनिक्सशी बोलणारा सेट लागतो, आणि बिल फुगतं. अशा गाडीचे मालक बहुधा मूळ शॉकअप नवे टाकून जास्त सुखी राहतात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचे दुसऱ्या कंपनीचे टाकणं आणि गाडी चार बोटं खाली आणणं यांतला फरक रस्त्यावर उभ्या अधिकाऱ्यालाही दिसतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटर सस्पेन्शनची तक्रार झटकेल, हे धरून चाला.

खरेदी आणि बसवणं

पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून जुळवून घ्या. एकाच मॉडेलला इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलप्रमाणे वेगवेगळे शॉकअप असतात. 'पोलोला बसतो' हे उत्तर अपुरं. बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून किंमत काढा, आणि सील गेलं तर भारतात दुरुस्त कोण करेल ते विचारा. परदेशातून आलेले वापरलेले कोइलओव्हर स्वस्त दिसतात. रॉडवर गंजाचे ठिपके असतील तर नवं सीलही टिकत नाही.

बसवणाऱ्याकडे टॉर्क पाना आणि धड स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे का ते डोळ्यांनी बघा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते, हा घरच्या जॅकवर करायचा उद्योग नाही. ताणून बसणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नवे घाला म्हटलं असेल तर नवेच.

एका गोष्टीवर मात्र मी पाने मिटून ठेवेपर्यंत उभा राहतो. आर्मच्या बुशचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उगाच कडक वाटते, उंची डावी-उजवी जुळत नाही आणि बुश लवकर फाटतात. आर्मखाली जॅक देऊन चाक गाडीच्या नेहमीच्या उंचीवर आणायचं, मघाशी लिहिलेलं माप टेपने जुळवायचं, आणि मग आवळायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत हेच राहतं.

बसवल्याच्या दिवशी टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) तेवढा जागेवर आणून घ्या. तीन-चारशे किलोमीटरमध्ये स्प्रिंग बसल्या की पुन्हा उंची मोजा आणि मग पूर्ण अलाइनमेंट करा. गाडी खाली आली की कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आतल्या बाजूला कल) थोडा वाढतो, त्याने टायर फारसा खात नाही; खातो तो बिघडलेला टो. टॉर्शन बीमच्या गाडीत (मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली असतात त्यात) मागचा कोन पान्याने बदलत नाही, त्यामुळे 'चारही चाकांचं केलं' म्हणणाऱ्याकडून छापील रिपोर्ट मागा. हेडलाइटची उंची पुन्हा लावून घ्या. समोरच्या काचेवर कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचं कॅलिब्रेशनही.

सेटिंग आणि पावसाळा

क्लिक नेहमी पूर्ण आवळलेल्या टोकापासून मागे मोजायचे, म्हणजे सुरुवात एकच राहते. कंपनीने सांगितलेल्या मधल्या आकड्यावर सुरू करा. एका वेळी एकच ॲक्सल, डावी-उजवी बाजू सारखी, आणि दर वेळी तोच रस्ता: एखादा खराब पट्टा, उड्डाणपूल आणि एक मोकळं लांब वळण. गाडी सलग उंचवट्यांवर बसत जात असेल तर रिबाउंड सैल करा. एका खड्ड्यानंतर दोनदा हलत असेल तर आवळा. झिप टाय अजूनही रॉडवर असू द्या. नव्या सेटवर तो कुठवर जातो ते विक्रेत्याच्या शब्दापेक्षा खरं आहे. पावसाळ्यात दोन क्लिक मऊ केलेली गाडी ओल्या घाटात जास्त धरते.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात आणि चिखलात कोइलओव्हरच्या चुड्या वर्षभरात जाम होतात. जूनच्या आधी नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करा, संरक्षक फवारा मारा, आणि पावसाळा संपल्यावर पाण्याच्या फवाऱ्याने चिखल काढून पुन्हा तेच. गंज न धरणाऱ्या स्टीलची नळी असलेला सेट परवडत असेल तर इथे त्याचे पैसे वसूल होतात. हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासा.

काढलेले मूळ शॉकअप आणि स्प्रिंग भंगारवाल्याला देऊ नका. गाडी विकताना, विम्याच्या भांडणात किंवा नवा सेट दुरुस्तीला गेल्यावर तेच लागतात. ट्विन ट्यूब असतील तर आडवे टाकू नका, रॉड वर करून उभे ठेवा. आडवे पडून राहिले की आतल्या नळीत हवा शिरते. पुन्हा बसवण्याआधी उभे धरूनच रॉड पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे ती हवा निघून जाते.